जमीन गार असताना वादळ कुठून येतं?

नागपुरातलं मे महिन्यातलं वादळ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पारा ४४-४५ वर गेलेला, दुपारी रस्ते ओस, मोकळ्या मैदानावर वावटळी फिरताहेत. चारच्या पुढे एका बाजूला आभाळ काळवंडतं आणि मग धुळीचा लोट, सोसाट्याचा वारा, चार टपोरे थेंब. जमीन तापली, हवा हलकी होऊन वर गेली, ढग झाला, कोसळला. एवढं शाळेतलं पोरही सांगेल.

पण या एका वादळाच्या हिशोबाने आपण जगातली सगळी वादळं मोजायला जातो आणि तिथे फसतो. जानेवारीत ब्रिटनला किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला झोडपणारं वादळ टीव्हीवर दिसतं, तेव्हा तिथली जमीन गोठलेली असते. सूर्य भर दुपारीही कलंडलेला. खालून तापवणारं काही नाही, हवेचे थर बहुतेक ठिकाणी एकावर एक नीट बसलेले. तरीसुद्धा दीड-दोन दिवसांत दोन हजार किलोमीटर रुंदीचं आवर्त उभं राहतं. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ भारताएवढं. हवा स्थिर असताना एवढं वादळ वाढतंच कसं, आणि स्थैर्य कमी-जास्त झालं की त्याच्या वाढीत काय बदलतं, हे दोन प्रश्न इथे सोडवायचे आहेत.

आधी स्थैर्य म्हणजे काय ते पाहू. सोनेगावला विमानतळालगत हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथून पहाटे आणि संध्याकाळी हायड्रोजन भरलेला फुगा सोडतात. फुग्याला टांगलेलं छोटं उपकरण वर जाता जाता तापमान, आर्द्रता, दाब आणि वारा यांची खबर रेडिओने खाली पाठवत राहतं. मिनिटाला साधारण तीनशे मीटर या वेगाने तो चढतो आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर फुटतो. या नोंदी टेफिग्राम नावाच्या तिरक्या रेघांच्या कागदावर मांडतात. ही आकृती ब्रिटनच्या नेपियर शॉ यांनी १९१५च्या सुमारास काढली. आता कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे, रेघा त्याच आहेत.

त्या रेघांतून मुख्यतः एक गोष्ट वाचायची असते. हवेचा एखादा गोळा वर ढकलला तर तो वरच्या कमी दाबात पसरतो आणि पसरताना गार होतो. कोरडा असेल तर दर किलोमीटरला ९.८ अंश सेल्सिअसने. हा आकडा नागपुरात, लंडनमध्ये, कुठेही तोच. भोवतालची हवा मात्र उंचीप्रमाणे किती गार होते हे जागेवर, ऋतूवर, वेळेवर अवलंबून असतं. जागतिक सरासरी किलोमीटरला साडेसहा अंशांची. म्हणजे सरासरी हवेत एक किलोमीटर वर नेलेला गोळा शेजाऱ्यांपेक्षा तीनेक अंशांनी गार, म्हणून जड, म्हणून परत खाली. याला स्थिर हवा म्हणायचं. खाली येताना तो मूळ जागेवर थांबत नाही, थोडा पुढे जातो, पुन्हा वर येतो आणि साधारण दहा मिनिटांत एक या गतीने हेलकावे घेतो. हेलकावे जितके जलद तितकं स्थैर्य जास्त. हवामानशास्त्रात स्थैर्य मोजायचं परिमाणच मुळी हे हेलकाव्यांचं आहे.

आपल्याकडे या बाबतीतली दोन्ही टोकं बघायला मिळतात. डिसेंबरच्या पहाटे हिंगण्याकडच्या शेतात जमिनीलगत १० अंश आणि तीनशे मीटरवर १४ अंश अशी स्थिती असू शकते. भूगोलाच्या पुस्तकात तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा हवेत वर निघालेला गोळा तीनशे मीटरवर पोचेपर्यंत ७ अंशांवर येतो, शेजाऱ्यांपेक्षा सात अंशांनी गार. तो जाणार कुठे? म्हणून शेकोटीचा धूर डोक्याच्या उंचीवरच आडवा पसरतो. मेच्या दुपारी याच्या उलट. जमिनीपासून तीन-चार किलोमीटरपर्यंत हवा ढवळून एकजीव झालेली असते, उंचीनुसार किलोमीटरला जवळपास ९.८ अंशांनी गार होणारी. गोळ्याला खाली ओढणारं काही उरत नाही. फक्त ती हवा इतकी कोरडी असते की ढगाचा तळच चार किलोमीटरवर जातो आणि पडणारा पाऊस वाटेतच वाळतो. वाळताना हवा गार आणि जड होऊन धाडकन खाली येते. आपण जे वादळ म्हणतो त्यातला अर्धा जोर या कोसळणाऱ्या हवेचा असतो, थेंब चारच असले तरी.

ओल्या हवेचा हिशोब जरा वेगळा. ढग बनू लागला की बाष्पाचं पाणी होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो, किलोग्रॅममागे सुमारे २५ लाख ज्यूल. त्यामुळे ढगातला गोळा किलोमीटरला ९.८ ऐवजी चार ते सात अंशांनीच गार होतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हिवाळी वादळाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात माक्स मार्गुलेस यांना प्रश्न पडला की वादळाच्या वाऱ्यात एवढी ऊर्जा येते कुठून. त्यांचं उत्तर असं समजा: काचेच्या पेटीत मधोमध पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तेल. पडदा ओढून काढला की पाणी खालून घुसतं, तेल वर चढतं आणि स्थिरावण्याआधी दोन्ही जोरात डुचमळतात. ते डुचमळणं कुठून आलं? जड पाणी खाली आलं आणि हलकं तेल वर गेलं, तेवढ्या उंचीच्या फरकातून. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा शेजारी शेजारी असल्या की असाच साठा तयार असतो, खालची जमीन तापलेली असो वा गोठलेली.

मग ही हवा लगेच एकमेकींवर चढून मोकळी का होत नाही? कारण पृथ्वी फिरते. थंड हवा खालून सरकू लागली की पृथ्वीचं फिरणं तिला वळवतं, आणि दोन्हींमधली सीमा तिरकी होऊन टिकून राहते. या तिरप्या सीमेवर, वर दहा किलोमीटरच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी दोन-तीनशे किलोमीटरने धावणारा जेट प्रवाह असतो. तापमानातला फरक जितका जास्त तितका जेट प्रवाह जोरदार. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतल्या बर्गेन गावी विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सीमांना युद्धभूमीवरून आघाडी हे नाव दिलं आणि वादळ आघाडीवरच्या लाटेतून कसं वाढतं याचं चित्र काढलं. चित्र उत्तम होतं, गणित नव्हतं. ते १९४७ मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी यांनी आणि १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये एरिक एडी यांनी वेगवेगळ्या वाटांनी करून दाखवलं.

या गणिताचा गाभा मला फार आवडतो, कारण बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही तो कागदावर करून बघता येतो. हिवाळ्यात मध्य अक्षांशांत उत्तरेकडे जाताना दर शंभर किलोमीटरला साधारण एक अंशाने तापमान उतरतं असं धरा. उंचीनुसार घट साडेसहा अंश, म्हणजे हवा चांगली स्थिर. एक गोळा सरळ दीड किलोमीटर वर नेला. तो १४.७ अंशांनी गार झाला, भोवताल पावणेदहा अंशांनी. गोळा पाच अंशांनी गार, परत खाली. इथवर स्थैर्याचा विजय.

आता तोच गोळा दीड किलोमीटर वर न्या, पण सरळ नाही. वर जाता जाता हजार किलोमीटर उत्तरेलाही सरकू द्या. गोळा तेवढाच गार झाला, १४.७ अंशांनी. नव्या जागी भोवतालची हवा मात्र उत्तरेकडे सरकल्यामुळे दहा अंशांनी आणि उंचीमुळे पावणेदहा अंशांनी, मिळून पावणेवीस अंशांनी गार आहे. गोळा शेजाऱ्यांपेक्षा पाच अंशांनी उबदार निघाला. म्हणजे हलका. तो आता स्वतःहूनच पुढे आणि वर जाईल. हवा तीच, स्थैर्य तेच, फक्त वाट तिरकी.

आणि तीही किती तिरकी! हजार किलोमीटरमागे दीड किलोमीटर चढ. या चढाची सायकलवाल्याला जाणीवही होणार नाही. म्हणून या वादळात हवेचा वर जाण्याचा वेग सेकंदाला काही सेंटीमीटर असतो, तर मेच्या गडगडाटी ढगात तो सेकंदाला वीस-तीस मीटरही होतो. तरी हिवाळी वादळाची ताकद मोठी, कारण ते हळूहळू पण अफाट क्षेत्रावरची हवा उचलत असतं. त्याच्या पुढच्या अंगाला उबदार, ओल्या हवेचा एक पट्टा जमिनीलगतून निघून दोन दिवसांत सात-आठ किलोमीटर उंच जातो. पाऊस आणि हिम मुख्यतः त्यातूनच पडतं. मागच्या अंगाला थंड कोरडी हवा तशीच तिरकी खाली उतरत असते.

स्थैर्याचा खरा वाटा आता दिसेल. वरचंच उदाहरण घ्या आणि फक्त उंचीनुसार होणारी घट बदला. किलोमीटरला साडेतीन अंशच घट असेल, म्हणजे हवा फार स्थिर, तर तिरक्या वाटेने गेलेला गोळा शेजाऱ्यांपेक्षा जेमतेम अर्ध्या अंशाने उबदार राहतो. वादळाला मिळणारी ऊर्जा जवळजवळ आटली. त्याला आणखी आडव्या वाटेने, आणखी लांब जावं लागेल. उलट घट आठ अंशांची असेल तर तोच गोळा सात अंशांहून अधिक उबदार ठरतो. उत्तर-दक्षिण फरक तिन्ही वेळा सारखाच होता. म्हणजे ऊर्जेचं भांडार तापमानातल्या आडव्या फरकाने भरतं, पण ते किती लवकर आणि किती रुंदीच्या वादळात रिकामं होईल हे स्थैर्य ठरवतं.

एडींच्या सूत्रात हे फार थोडक्यात आहे. वाढीचा वेग जेटच्या जोरावर आणि पृथ्वीच्या फिरण्यावर सम प्रमाणात, स्थैर्यावर व्यस्त प्रमाणात. वरच्या आणि खालच्या वाऱ्यात ताशी शंभरेक किलोमीटरचा फरक असेल आणि स्थैर्य नेहमीचं असेल तर गडबड सव्वा-दीड दिवसात पावणेतीन पट होते. हवेच्या गोळ्याचे हेलकावे निम्म्याने संथ झाले तर तेवढीच वाढ सोळा-अठरा तासांत. आकारही बदलतो. नेहमीच्या स्थैर्यात सगळ्यात जोमाने वाढणाऱ्या लाटेची लांबी चार हजार किलोमीटरच्या घरात येते, कमी स्थैर्यात ती निम्मी. म्हणून कमी स्थैर्यातली वादळं लहान, आवळलेली आणि तापट.

आणखी एक परिणाम आहे, आणि पूर्वानुमान करणाऱ्यांना तो जास्त भेडसावतो. वर सात-आठ किलोमीटरवर जेटच्या वळणात थंड हवेची द्रोणीय स्थिती, म्हणजे कमी दाबाचा लांबट खोलगा, सरकत असते. तिचा प्रभाव खाली किती खोलवर पोचेल? स्थैर्य जास्त असेल तर वरचा गोंधळ वरच राहतो, खाली दाबाला धक्काही लागत नाही. स्थैर्य कमी असेल तर तो जमिनीपर्यंत पोचतो, खालच्या आघाडीवरच्या लाटेला गाठतो आणि दोन्ही एकमेकांना वाढवू लागतात. मध्ये सापडलेला हवेचा स्तंभ उभा ताणला जातो, ताणला की आवळतो, आवळला की जास्त जोरात फिरतो. वादळाचं केंद्र खोल होतं ते या ताणातून.

असं सगळं जुळून येण्याची जगातली आवडती ठिकाणं दोन: अमेरिकेच्या पूर्वेला गल्फ स्ट्रीम आणि जपानच्या पूर्वेला कुरोशिओ. हिवाळ्यात कॅनडातली किंवा सैबेरियातली बर्फाळ हवा जमीन सोडून समुद्रावर येते आणि थेट या उबदार प्रवाहांवर पडते. खालून उष्णता आणि बाष्प यांचा मारा सुरू होतो. काही तासांत खालच्या दीड-दोन किलोमीटरचं स्थैर्य संपतं. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेला ओल्या हवेचा हिशोब इथे कामाला येतो: भोवतालची घट साडेसहा अंशांची आणि ढगातल्या गोळ्याची घटही सहा-सात अंशांची. म्हणजे कोरड्या हवेला जाणवणारं स्थैर्य ढगातल्या हवेला जवळजवळ जाणवतच नाही. परिणामी वर जाणारी हवा अरुंद पट्ट्यात जोरात चढते, खाली येणारी रुंद प्रदेशात संथपणे उतरते. उपग्रहचित्रात स्वल्पविरामासारखा दिसणारा ढग त्या अरुंद पट्ट्याचा.

१९८० मध्ये फ्रेड सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी अशा झपाट्याने खोल होणाऱ्या वादळांना बॉम्ब म्हटलं आणि निकष दिला: ६० अंश अक्षांशावर २४ तासांत २४ हेक्टापास्कल दाब उतरला पाहिजे, खालच्या अक्षांशांवर त्या प्रमाणात थोडा कमी चालतो. त्यांना अशी वादळं मुख्यतः थंडीच्या मोसमात आणि समुद्रावर, उबदार प्रवाहांच्या आसपास सापडली. सप्टेंबर १९७८ मध्ये अटलांटिकवर क्वीन एलिझाबेथ २ या जहाजाला गाठणाऱ्या वादळात दाब एका दिवसात साठेक हेक्टापास्कलने कोसळला होता. जानेवारी १९९३ मध्ये स्कॉटलंड आणि आइसलंडच्या दरम्यान दाब ९१४ हेक्टापास्कलपर्यंत उतरला. समुद्रसपाटीची सरासरी १०१३ आहे हे लक्षात घेतलं तर आकड्याची भीती कळेल.

दाब किती उतरला यावरून जमिनीवर किती नुकसान होईल हे मात्र कळत नाही. तिथे पुन्हा स्थैर्य आडवं येतं, यावेळी खालच्या पाचशे-हजार मीटरमधलं. वादळाच्या पुढच्या उबदार भागात हजार मीटरवर ताशी दीडशे किलोमीटरचा वारा असू शकतो, पण खाली गार समुद्र किंवा गार जमीन असेल तर मधला थर स्थिर राहतो आणि तो वारा वरच्या वर निघून जातो. थंड आघाडी सरकली, उबदार पाण्यावर थंड हवा आली, की थर ढवळून निघतो आणि वरचा वारा झोतांनी खाली येतो. आपल्याकडेही मेमध्ये दुपारी भाजून काढणारा वारा रात्री पडतो. वरचा वारा कमी झालेला नसतो, जमीन गार पडून तिच्याशी असलेला संबंध तुटलेला असतो.

याचं टोकाचं उदाहरण १५-१६ ऑक्टोबर १९८७ची इंग्लंडमधली रात्र. दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडं उन्मळली, माणसंही दगावली. पुढे, २००४ मध्ये, कीथ ब्राउनिंग यांनी त्या रात्रीच्या नोंदी पुन्हा तपासल्या. वादळाच्या मागे वळलेल्या ढगांच्या टोकापाशी, विंचवाची नांगी असावी त्या जागी, तीन-चार किलोमीटरवरून हवेचा एक अरुंद झोत तिरका खाली आला होता. वाटेत पाऊस आणि हिम वाळल्याने तो गार होऊन जड होत गेला, आणि खालचा थर दुबळा असल्याने जमिनीपर्यंत पोचला. आता अशा झोताला नांगीचाच झोत म्हणतात.

नागपूरचं काय? आपण २१ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या खाली. पृथ्वीच्या फिरण्याचा हवेवरचा प्रभाव इथे ५० अंशांवरच्या मानाने निम्म्याहून कमी, आणि उत्तर-दक्षिण तापमानफरकही तुटपुंजा. एडींच्या सूत्रात दोन्ही आकडे लहान पडले की वाढ फार संथ होते. म्हणून या जातीचं वादळ विदर्भात जन्मत नाही. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे वेगळ्या घराण्यातले. त्यांचं पोषण मुख्यतः बाष्पावर होतं.

पण दुसरीकडे जन्मलेलं वादळ पाहुणं म्हणून येतं. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तान ओलांडत हिवाळ्यात महिन्याला चार-सहा तरी पश्चिमी झंझावात हिमालयावर धडकतात. हे मध्य अक्षांशांतलेच, तिरक्या वाटेवर पोसलेले. काश्मीर-हिमाचलला ते हिम देतात. बहुतेक वेळा नागपूरला त्यांची शेपटीसुद्धा लागत नाही, फार तर दोन दिवस ढगाळ वातावरण आणि मागून थंडीची लाट. एखाद्याची द्रोणीय स्थिती मात्र खूप दक्षिणेपर्यंत खोल उतरते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते घडलं की दोन वेगळ्या जातींची वादळं विदर्भाच्या आभाळात एकत्र येतात.

होतं असं. वर पाच-सहा किलोमीटरवर झंझावाताने आणलेली थंड हवा येते. खाली जमीन उन्हाने तापायला लागलेली असते, ३४-३५ अंश. त्यातच बंगालच्या उपसागरावरून दमट वारा येऊन मिळतो. वर गार, खाली उबदार आणि ओलं, म्हणजे उंचीनुसार घट एकदम तीव्र. जे स्थैर्य दूर पश्चिमेला वादळाला तिरकं चालायला लावत होतं ते इथे पार मोडतं आणि ढग सरळ उभे चढतात, दहा-बारा किलोमीटर. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे गार बनली तरी वाटेत विरघळते. मार्चमध्ये अशा वेळी ती चारेक किलोमीटरवर उतरलेली असते आणि गारा गाराच राहून जमिनीवर पोचतात. काटोल-नरखेड पट्ट्यात तेव्हा मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात, आंबियाची फुलं झाडावर असतात, गहू-हरभरा शेतात उभा किंवा खळ्यावर. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात दिवसेंदिवस गारपीट झाली, ती अशाच मिलाफातून.

वर्तमानपत्रात अशा वेळी ‘वातावरणात अस्थिरता निर्माण झाल्याने’ असं एक ठरलेलं वाक्य येतं. वाक्य चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. ती अस्थिरता कुणी आणली, वरून आली की खालून, हे सांगितलं तर शेतकऱ्याला थोडं तरी पुढचं कळेल.

तापमानवाढीत याचं काय होणार यावर शास्त्रज्ञांत अजून खल चालू आहे, आणि त्याचं कारणही स्थैर्यच. ध्रुवाकडचा प्रदेश जमिनीलगत जास्त वेगाने तापतोय, म्हणजे खालचा उत्तर-दक्षिण फरक घटतोय. उष्ण कटिबंधात वरचे थर खालच्यापेक्षा जास्त तापतात, म्हणजे वरचा फरक वाढतो आणि स्थैर्यही. शिवाय दर अंशामागे हवेत सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे ढगातल्या हवेला मिळणारी सूटही वाढते. कुठलं पारडं जड होईल हे प्रदेशानुसार बदलतं. या वादळांतला पाऊस वाढेल यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे.

पूर्वानुमानातली एक नेहमीची तक्रारही इथूनच समजते. तीन-चार दिवस आधी ‘विदर्भात गारपिटीची शक्यता’ असं सांगितलं जातं, पण कुठल्या तालुक्यात ते विचारलं की उत्तर नसतं. तिरक्या वाटेने वाढणाऱ्या झंझावाताचा आकार हजारो किलोमीटरचा, वाढीचा काळ दिवसांचा. जगभरातल्या फुग्यांच्या आणि उपग्रहांच्या नोंदी घेऊन संगणक तो भूमध्य समुद्रावर असतानाच पकडतो. उभ्या वाटेने वाढणाऱ्या ढगाचा आकार दहा-वीस किलोमीटरचा आणि आयुष्य तासाभराचं. तो आदल्या दिवशी अस्तित्वातच नसतो. दुपारी नागपूरच्या डॉप्लर रडारवर त्याचा ठिपका उमटला, किंवा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या दामिनी ॲपवर विजा दिसू लागल्या, की मगच नरखेड की कळमेश्वर हे सांगता येतं, आणि तोवर ताडपत्री टाकायला तास-दीड तास उरलेला असतो.